माईकबाईंची उजवी बाजू

माईकबाईंना सगळं शहर पाठ होतं, आणि तेही पाठमोरं पाठ होतं. उघड्या छपराच्या दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर, अगदी पुढे, कठड्याला कंबर टेकून त्या प्रवाशांकडे तोंड करून उभ्या राहत. बस पुढे जायची आणि माईकबाई मागे बघत बघत पुढे जायच्या. संग्रहालय, नगरभवन, जुना तट, बंदर, दीपगृह, सगळं त्यांनी आयुष्यभर मागे पडतानाच पाहिलं. समोरून काय येतंय ते त्यांना प्रवाशांच्या तोंडावरून कळायचं. झाडाची फांदी खाली आलेली असली की पुढच्या रांगेतले लोक एकदम माना खाली घालायचे. ते बघून माईकबाईही घालायच्या आणि वाक्य न तोडता पुन्हा वर यायच्या.

त्या खरं तर तिकीट खिडकीवर बसायला म्हणून नोकरीला लागल्या होत्या. एकदा माहिती सांगणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला आणि साहेबांनी खिडकीत डोकं घालून विचारलं, "तुम्हाला बोलता येतं का?" हा प्रश्न त्यांच्या माहेरी विचारला असता तर लोक हसून हसून आडवे झाले असते. त्या दिवशी हातात घेतलेला माईक केस पिकले तरी सुटला नाही. गृहस्थांचा घसा पुढे बरा झाला, पण तोवर जागा गेली होती. ते बिचारे तिकिटं फाडू लागले. माईकबाईंना याचं वाईट वाटायचं, पण फार नाही. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. बसवाले, दुकानदार, शेजारी, सगळे त्यांना माईकबाईच म्हणायचे.

आता या पाठमोरं उभं राहण्यात एक गोम आहे. आपल्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाची उजवी बाजू ती आपली डावी. प्रवाशांना "तुमच्या उजव्या हाताला संग्रहालय" असं सांगायचं, तर माईकबाईंना स्वतःचा डावा हात वर करावा लागे. पहिले काही दिवस घोटाळाच झाला. एकदा अख्खी बस एका बँकेकडे बघून "काय कोरीव काम आहे!" म्हणाली, तेव्हा त्यांनी खूणगाठच बांधली: हात जिकडे जाईल त्याच्या उलट बोलायचं. ती गाठ इतकी घट्ट बसली की पुढे सुटेचना. घरी, बाजारात, टॅक्सीत, कुठेही असल्या तरी माईकबाई "उजवीकडे घ्या" म्हणायच्या आणि हात डावीकडे करायच्या. हात खरा आणि तोंड खोटं. टॅक्सीवाले शहाणे, ते हाताकडे बघत. नवरा त्याहून शहाणा. तो लग्नानंतर थोड्याच दिवसांत शिकला आणि मित्रांना सांगायचा, "आमच्या हिचं ऐकायचं नसतं, बघायचं असतं." मित्र हसायचे, माईकबाईही हसायच्या. त्यांना वाटायचं, नवरा आपल्या रूपाचं कौतुक करतोय.

नवरा जहाजावर इंजिनात कामाला होता. वर्षातला बराच काळ तो पाण्यावर असायचा, आणि घरात माईकबाई आणि त्यांचे सासरे, अण्णा, अशी दोनच माणसं असायची. सासूबाई गेल्यावर अण्णा आपलं लहानसं गाव सोडून मुलाकडे राहायला आले होते. ते पोस्टमन होते, म्हणजे निवृत्त होऊन जमाना झाला तरी होतेच. चालणं तेच, खांद्यावर पिशवी असल्यासारखा एक खांदा खाली तोच, आणि पत्ता ऐकायची रीतही तीच. कुणी पत्ता सांगू लागलं की अण्णा डोळे मिटायचे. शब्दन्‌शब्द कानात घ्यायचे, ओठांत एकदा पुटपुटायचे, आणि मग तो पत्ता त्यांच्या डोक्यातून काढायची कुणाची प्राज्ञा नव्हती. वाटेत कुणाला काही विचारायचं म्हणजे मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. "पोस्टमननं पत्ता विचारायचा?" ते म्हणत. "मग आचाऱ्यानं घरोघर ताट घेऊन फिरावं."

सून आणि सासरे यांचं छान जमलं होतं. दोघांनाही दिवसभर चालायची, उभं राहायची सवय, त्यामुळे संध्याकाळी दोघं दोन घमेल्यांत गरम पाणी घेऊन पाय बुडवून समोरासमोर बसत. अण्णा गावाकडच्या पत्रांच्या गोष्टी सांगत आणि माईकबाई प्रवाशांच्या. बसमधून शहर बघायला मात्र अण्णा कधी गेले नव्हते. "बसून काय गाव बघायचं?" म्हणायचे. "गाव पायांनी कळतं."

आणि नेमकं तेच पायांनी बघणं बंद व्हायची वेळ आली होती.

झालं होतं असं. मागच्या महिन्यात अण्णा डोळ्यांत घालायचं औषध आणायला गेले. औषधाचं दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. माईकबाईंनीच सांगितलं होतं कुठून वळायचं ते. अण्णा सकाळी गेले ते दिवस मावळायला आला तरी आले नाहीत. शेवटी एका वाहतूक पोलिसानं त्यांना आणून सोडलं. शहराच्या पार दुसऱ्या अंगाला, एका शाळेच्या फाटकापाशी ते उभे होते म्हणे. हात रिकामे, पाय धुळीनं भरलेले. "तिथे दुकान नव्हतं," एवढंच अण्णा म्हणाले आणि आत जाऊन पडून राहिले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही आणि माईकबाईंनीही काढला नाही, कारण दोघांच्याही मनात एकच आलं होतं.

सासूबाई शेवटी शेवटी सगळं विसरल्या होत्या. आधी गॅस बंद करायला, मग घराचा रस्ता, मग नवऱ्याचं तोंड. "कोण आलंय हो?" असं त्या अण्णांनाच विचारायच्या, आणि अण्णा म्हणायचे, "पोस्टमन." त्यावर त्या खूश व्हायच्या आणि हात पुढे करायच्या. अण्णांनी मग गावभरची जुनी पाकिटं गोळा करून ठेवली होती. त्यातलं एक रोज ते त्यांच्या हातात द्यायचे.

त्यामुळे अण्णा रस्ता चुकले हे कळल्याबरोबर नणंदबाईंनी फोनवर टाहो फोडला. नणंदबाई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. मनानं वाईट नव्हत्या, पण त्यांची माया म्हणजे जाड गोधडी, उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत ओढायची. आईचं सगळं त्यांनी जवळून पाहिलं होतं. रोज सकाळी फोन यायचा, "वहिनी, दाराला बाहेरून कडी लावून जातेस ना?" आणि मग एक दिवस फोनच्या ऐवजी त्या स्वतःच आल्या. त्यांच्या गावी त्यांचं मोठं घर होतं, वरच्या मजल्यावर अण्णांसाठी खोली तयार होती, लक्ष ठेवायला बाई ठरवली होती. आल्या आल्या त्यांनी अण्णांचे कपडे बॅगेत भरले.

अण्णा घमेल्यात पाय घालून बसले. पण पाणी निवलं तरी पाय बाहेर काढेनात, तेव्हा माईकबाईंना राहवलं नाही.

"वन्सं, एक संधी द्या," त्या म्हणाल्या. "उद्या अण्णा एकटे घरून दीपगृहापर्यंत चालत येतील. दुपारच्या फेरीला माझी बस तिथे थांबते. ते थांब्यावर उभे दिसले, तर बॅग उघडायची. नाही दिसले, तर तुम्ही म्हणाल तसं."

"आणि काही झालं तर? रस्ता समुद्राचा आहे."

"काही होणार नाही."

"ठीक आहे," नणंदबाई म्हणाल्या. "पण मी तुझ्या बसमध्ये बसून येणार. माझ्या डोळ्यांनी बघणार."

अण्णांनी मान वर करून सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत इतका भरवसा होता की माईकबाईंना तिकडे बघवेना. खरं सांगायचं तर त्यांना स्वतःला खात्री नव्हती. चार लोकांत छाती पुढे काढून बोलून तर बसल्या होत्या, पण आतून त्यांनाही वाटत होतं, नणंदबाईंचं खरं असलं तर?

घराच्या फाटकासमोर जुन्या तटाची लांबच लांब भिंत होती आणि भिंतीपलीकडे समुद्र. तिकडे जायचं तर भिंतीला वळसा घालावा लागे, या टोकानं नाही तर त्या टोकानं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना माईकबाईंनी दारात उभं राहून रस्ता सांगितला आणि अण्णांनी डोळे मिटून ऐकला. "फाटकातून बाहेर पडलात की उजवीकडे वळा. तटाची भिंत संपली की डावीकडे. मग नाकासमोर समुद्रापर्यंत. तिथे उंच मनोरा आहे, तेच दीपगृह. त्याच्याखाली थांबा, मी येते." अण्णा ओठांत पुटपुटले, डोळे उघडले आणि म्हणाले, "पोचलं."

दुपारच्या फेरीला नणंदबाई वरच्या मजल्यावर पहिल्या रांगेत बसल्या, पर्स मांडीवर धरून. त्यांच्या शेजारी एक जाडे गृहस्थ होते. त्यांना सुरुवातीपासूनच काही पसंत पडत नव्हतं. "बँका आमच्याकडेही आहेत हो," असं ते अधूनमधून म्हणत. माईकबाई बोलत होत्या, हात करत होत्या, पण आज त्यांचं लक्ष शब्दांत नव्हतं. नगरभवनापाशी त्यांनी ते बांधल्याचं साल चुकवलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, पण त्यांच्या आलं आणि त्या आणखी घाबरल्या.

बस दीपगृहापाशी थांबली. फोटो काढायला लोक भराभरा उतरले. माईकबाई सगळ्यांच्या आधी उतरल्या होत्या.

मनोऱ्याखाली कुणी नव्हतं.

त्या मनोऱ्याभोवती फिरून आल्या. मागच्या बाजूला एक जोडपं एकमेकांचे फोटो काढत होतं. दीपगृहाच्या पहारेकऱ्याला विचारलं, "राखाडी शर्ट, हातात काळी छत्री, एक खांदा खाली, असे कुणी म्हातारे गृहस्थ आले होते का?" तो म्हणाला, सकाळपासून म्हातारं असं कुणी आलंच नाही. माईकबाई समुद्राकडच्या कठड्यापाशी गेल्या आणि खाली वाकून पाहिलं. खाली काळे खडक होते आणि त्यांवर लाटा आपटत होत्या. असं खाली बघायची वेळ आपल्यावर आली, याचंच त्यांना रडू येऊ लागलं.

नणंदबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. बसच्या पायरीवर उभ्या राहून, हातातली पर्स छातीशी धरून त्या हळूच म्हणाल्या, "आईचंही असंच झालं होतं गं."

इतक्यात ड्रायव्हर खाली उतरून आला. त्याला सगळे कप्तान म्हणत. तो कधी जहाजावर गेला नव्हता, पण बस वळवताना "हलली हलली" असं ओरडायची त्याला सवय होती. माईकबाईंबरोबर त्यानं इतकी वर्षं काढली होती की त्यांचं भाषण तो झोपेत म्हणू शकला असता, आणि त्याची बायको म्हणायची की म्हणतोच.

"माईकबाई, घाबरू नका. रस्ता काय सांगितला होता त्यांना?"

"नेहमीचाच रे! दुसरा कुठला सांगणार?" माईकबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "फाटकातून बाहेर पडून उजवीकडे," आणि त्यांचा डावा हात वर झाला. "भिंत संपली की डावीकडे," आणि उजवा हात वर झाला. "मग सरळ."

कप्तान त्यांच्या हातांकडे बघत राहिला.

"पुन्हा सांगा."

"अरे, वेळ काय, तू करतोयस काय!"

"पुन्हा सांगा हो. सावकाश."

त्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी नणंदबाईही बघत होत्या आणि ते जाडे गृहस्थही.

"बाई," गृहस्थ म्हणाले, "तुम्ही म्हणता उजवीकडे आणि हात करता डावीकडे."

"तेच तर," कप्तान म्हणाला. "माईकबाई, तुम्ही आजोबांना उजवी सांगितलीत ती कुणाची? तुमची की आमची?"

माईकबाईंनी आपला डावा हात डोळ्यांसमोर धरला आणि तो पहिल्यांदाच दिसल्यासारखा त्याच्याकडे बघत राहिल्या. मग मनातल्या मनात त्या फाटकातून बाहेर पडल्या. दीपगृहाला जायचं तर पहिलं वळण कुठलं? हा हात. हा हात म्हणजे? घास घेतात तो नव्हे, दुसरा. म्हणजे डावा. म्हणजे डावीकडे. आणि आपण काय सांगितलं?

"अगंबाई!" म्हणून त्या बसच्या पायरीवर मटकन बसल्या. "अण्णा डोळे मिटून ऐकतात रे. त्यांनी माझे हात बघितलेच नाहीत!"

"मग ते भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेले असतील," कप्तान म्हणाला. "तिथून सरळ गेलं तरी समुद्रच लागतो. जुनी गोदी. बंदराच्या रस्त्यानं गेलो तर लगेच पोचू."

"पण तो आपला रस्ता नाही. प्रवासी..."

"मॅडम," जाडे गृहस्थ म्हणाले, "तुम्ही मघापासून आम्हाला दगड दाखवताय. आता एक जिवंत माणूस बघायचाय, तर नाही म्हणता होय?" आणि ते स्वतःच खाली गेलेल्या लोकांना हाका मारून गोळा करू लागले. लोकही लगेच आले, कुणी कुरकुरलं नाही. त्या दिवसापासून माईकबाईंनी प्रवाशांच्या नावानं बोटं मोडणं सोडलं असं म्हणतात. म्हणणारे आपण, सोडलं नसणार.

बस बंदराच्या रस्त्याला लागली आणि माईकबाई वर गेल्या. नेहमीच्या जागी पोचल्या, कठड्याला कंबर टेकली, आणि त्यांच्या लक्षात आलं की असं उभं राहून अण्णा येताना दिसणारच नाहीत. दिसले तर मागे पडतानाच दिसतील. मग त्या वळल्या. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी प्रवाशांकडे पाठ केली आणि एका हातात माईक, दुसऱ्या हातानं कठडा धरून समोर बघू लागल्या. सगळं शहर त्यांच्या अंगावर चालून आलं. गोदामं, क्रेन, जाळी वाळत घातलेल्या होड्या, दोरखंडाची दुकानं. भीती वाटावी इतकं सगळं भराभर येत होतं, आणि त्यांना वाटलं, बिचारे प्रवासी रोज हे असं सोसतात.

एव्हाना बसभर आजोबा शोधण्याची साथ पसरली होती. या बाजूचे लोक त्या बाजूला आणि त्या बाजूचे या बाजूला वाकत होते. खालून कप्तान "हलली हलली" ओरडत होता. "ते बघा!" जाडे गृहस्थ मध्येच किंचाळले. "राखाडी शर्ट!"

"ती बाई आहे हो."

"छत्री तर आहे!"

मागून कुणी तरी विचारलं, "ही लाल इमारत कसली?" आणि माईकबाईंचा जीव टांगणीला लागलेला असतानाही त्यांचं तोंड आपोआप बोललं, "हे जुनं जकातघर." जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही ती ही अशी.

मग रस्ता वळला आणि गोदीचा मनोरा दिसला. उंच, दगडी, वर एक केव्हाचं बंद पडलेलं घड्याळ. मनोऱ्याखाली, जहाजाचे दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर, दोन्ही गुडघ्यांमध्ये छत्री धरून अण्णा बसले होते. रस्त्याकडे बघत होते. बस दिसल्याबरोबर ते उठले, शर्ट नीट केला आणि प्रवासी करतात तसा हात वर केला.

माईकबाईंच्या हातातून माईक सुटला आणि तो पडल्याचा धाडकन आवाज सगळ्या बसमध्ये घुमला. त्या धावत खाली गेल्या. मागून नणंदबाई आल्या, आणि त्यांच्यामागून जाडे गृहस्थ आणि निम्मी बस. पण त्या येईपर्यंत अण्णा पायरी चढून आत आले होते आणि जरा रागावलेलेच होते.

"किती उशीर, सूनबाई? बाकी सगळं जमलं. उजवीकडे वळलो, भिंत संपली, डावीकडे, मग नाकासमोर. मनोरा आहे. दिवा तेवढा दिसला नाही, म्हटलं दिवसा विझवत असतील."

बसमध्ये कुणी तरी टाळी वाजवली. नणंदबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, हे दीपगृह नाही हो!"

अण्णांनी मनोऱ्याकडे पाहिलं, त्या बंद घड्याळाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग पायरीच्या दांड्याला धरून ते सावकाश पुढच्या सीटवर बसले आणि लेकीला म्हणाले, "बरं. बॅग भरलेलीच आहे. जाऊ आपण."

"अण्णा, थांबा," माईकबाई म्हणाल्या. त्या त्यांच्यासमोर खाली बसल्या, बसच्या फरशीवरच. "तुम्ही चुकला नाहीत. मी चुकले. मी उजवीकडे म्हटलं, पण रस्ता डावीकडे होता. माझी जीभ उलटी चालते. इतकी वर्षं लोकांसमोर उलटं उभं राहून ती तशीच झाली आहे. मला आत्ता कळलं. विचारा या कप्तानाला."

"खरं आहे, आजोबा," कप्तान म्हणाला. "मी यांच्या जिभेवर गाडी चालवली असती तर केव्हाच समुद्रात गेलो असतो."

अण्णा सुनेकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. सांगितलेला पत्ता त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात म्हटला, वळणावळणावर थांबून. नणंदबाई त्यांच्या बाजूला बसल्या आणि त्यांनीही आपला हात पुढे धरून, उजवा, डावा, असं करून पाहिलं. रडता रडता त्यांना हसू येऊ लागलं. "म्हणजे वहिनी, हे बरोब्बर आले की गं! तू सांगितलंस तिथेच आले!"

"तिथेच आले, वन्सं. पावलाचाही फरक नाही."

माईकबाईंना आयुष्यात चूक कबूल करायला कधी आवडलं नव्हतं. नवऱ्याला विचारा. पण आज त्यांना वाटत होतं की आणखी चार चुका असत्या तर त्याही कबूल केल्या असत्या. छातीवरचा धोंडा उतरावा तसं त्यांना झालं होतं. बिघडलं होतं ते आपलं तोंड, अण्णांचं डोकं नव्हे. इतकं चांगलं वर्तमान त्यांनी त्या बसमध्ये कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

अण्णांनी डोळे उघडले.

"आणि ते औषधाचं दुकान?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. "तेव्हा?"

माईकबाईंनी तेव्हा सांगितलेलं मनात म्हणून पाहिलं आणि हात करून पाहिला. मग त्यांनी मान खाली घातली. "फाटकातून बाहेर पडून डावीकडे, असं म्हटलं होतं मी. दुकान उजवीकडे आहे."

"म्हणजे तेव्हाही मी..."

"तेव्हाही तुम्ही बरोबर होतात."

नणंदबाईंनी वडिलांचा हात हातात घेतला. "मी जाते उद्या, अण्णा," त्या म्हणाल्या. "एकटीच. आणि ती बॅग मी माझ्या हातानं उघडून ठेवते."

पण अण्णांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी छत्री बाजूला ठेवली, चष्मा काढला आणि भर बसमध्ये, अनोळखी माणसांसमोर, दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलू लागले. लोक ओशाळून दुसरीकडे बघू लागले. जाडे गृहस्थ तर नाक शिंकरत होते.

"महिनाभर झोपलो नाही गं मी," अण्णा हातांआडून म्हणाले. "रोज सकाळी उठलो की आधी स्वतःचं नाव म्हणून बघायचो. मग मुलांची. मग गावातल्या सगळ्या गल्ल्या, घरांच्या नावासकट. कुठे अडतंय का बघायचो. मला वाटलं, आमच्या हिच्यासारखी माझीही सुरुवात झाली."

"नाही झाली, अण्णा."

"परत सांग."

"नाही झाली. तुम्ही चुकला नव्हतात."

अण्णांनी हात खाली घेतले. डोळे लाल होते, पण तोंडभर हसू होतं, आणि ते लपवायचं त्यांनी काही मनावर घेतलं नाही. "असं नाही," ते म्हणाले. "तो माईक आहे ना तुझा? त्याच्यावर सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."